पार्सल पाठवताना पैसे कुठे वाचवले, कुठे बुडवले?

पुस्तकवाली

सांगलीहून जुनी मराठी पुस्तकं विकते, घरूनच. २०२५ च्या जूनमध्ये नागपूरच्या एका गिऱ्हाइकाला साठ रुपयांच्या कादंबरीवर सत्तर रुपये टपालखर्च सांगितला. त्यांचा मेसेज आला, "ताई, पुस्तक रिझर्व्हेशन करून येतंय का?" मला हसू आलं, पण गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

आमच्या धंद्याचा सगळा भार रजिस्टर्ड बुक पोस्टवर होता, म्हणजे छापील पुस्तकं स्वस्तात, नोंद करून पाठवायची पोस्टाची सोय. १८ डिसेंबर २०२४ ला ते बंद झालं. दुसऱ्या दिवशी मी सात पाकिटं घेऊन गेले आणि सातही परत घेऊन आले. मग काय, स्पीड पोस्ट नाहीतर कुरिअर. १ मे २०२५ पासून पोस्टाचं पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट सुरू झालं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोला १०० रुपये, वर कर, आणि माल कुठवर पोचला तेही बघता येतं. विमानाने जात नाही, त्यामुळे वेळ लागतो, पण जुन्या पुस्तकाला कसली घाई? गंमत अशी की हे मला कळलं ऑगस्टमध्ये. तोवर मी खिडकीशी जाऊन "स्पीड पोस्ट" म्हणायचे, समोरचे स्पीड पोस्ट करून द्यायचे. मी मागितलं तेच त्यांनी दिलं, त्यांची काय चूक?

नंतरची फजिती. एका वाचनालयाची ऑर्डर होती. खोकं बांधलं, चिकटपट्टी मारली, घरच्या काट्यावर ४ किलो ९५०. पोस्टात ५ किलो १०. ज्ञान पोस्टची मर्यादा ५ किलोची. तिथेच बाकावर बसून खोकं फोडलं आणि एक बारकं कवितेचं पुस्तक बाहेर काढलं. ते नंतर वेगळं वीस रुपयांत गेलं. तेव्हापासून घरच्या काट्यावर पाव किलोची सूट धरूनच खोकं भरते.

तुमचे अनुभव लिहा. पुस्तकंच हवीत असं नाही. फराळ, आंबे, पत्रिका, काहीही. आकडे आठवत असतील तर आकड्यांसकट.

गोधडीघर

आमच्याकडे वजनाचा प्रश्नच नसतो, फुगीरपणाचा असतो. डबल बेडची गोधडी, वजन सव्वादोन किलो. पहिल्या ऑर्डरला मी हौसेने चांगलं मोठं खोकं आणलं, ५० बाय ४० बाय ३० सेंटीमीटर. आत कागदाचे बोळे, वर आभाराचं कार्ड. कुरिअरवाल्याने मापाची टेप लावली आणि म्हणाला, बारा किलो. मला वाटलं काटा बिघडलाय. काट्याकडे तो बघतही नव्हता! लांबी, रुंदी, उंची गुणायची आणि ५००० ने भागायचं. साठ हजार भागिले पाच हजार, बारा. खरं वजन आणि हे वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे. म्हणजे पावणेदहा किलो हवा मी बंगळुरूला पैसे मोजून पाठवली.

आता हवा काढायची पिशवी आणली आहे, व्हॅक्यूम क्लीनर लावला की गोधडी पापडासारखी चपटी होते. ४० बाय ३५ बाय १२. म्हणजे ३.३६ किलो. गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवते की उघडल्यावर दोन दिवस उन्हात टाका, मग फुगेल. एका बाईंनी तरी फोन केलाच, "अहो, तुम्ही चादर पाठवलीत."

आकाशकंदील

+१. आम्ही म्हणून तर घडीचेच कंदील करतो. काड्या वेगळ्या, कागद वेगळा. जोडायचं कसं त्याचा व्हिडिओ पाठवायचा.

लगीनघाई

मुलीचं लग्न डिसेंबरात झालं. बाहेरगावची शंभर पाकिटं, आणि आमच्या ह्यांचा हट्ट की पत्रिका पोचल्याचं कळलं पाहिजे. रजिस्टर पोस्ट आता वेगळं राहिलेलं नाही, स्पीड पोस्टातच मिसळलं. ऑक्टोबर २०२५ पासूनचे दर असे: ५० ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात १९, बाहेरगावी कुठेही ४७. पन्नासच्या वर गेलं की मात्र अंतर मोजतात. पुण्याहून नागपूर-अमरावतीकडे जायला ६८. वर १८ टक्के जीएसटी.

आमची पत्रिका भरली ५६ ग्रॅम. जाड हातकागद, धातूचा गणपती, रेशमी गोंडा आणि अक्षतांची पुडी. सहा ग्रॅमसाठी पाकिटामागे पंचवीस रुपये जास्त. आमची मंडळी मुख्यतः विदर्भातली, म्हणजे शंभर पाकिटांना अडीच हजार.

रात्री जेवणं झाल्यावर सगळे काटा घेऊन बसलो. गोंडा काढला, दोन ग्रॅम. गणपती काढायला सासूबाई तयार होईनात. अक्षता निम्म्या केल्या, तरी ५२. शेवटी आतलं बटर पेपरचं पान काढलं, ज्यावर नुसतं "आपले नम्र" होतं, आणि काटा ४९ वर आला. गणपतीही राहिला, अक्षताही राहिल्या.

बारा गावचं पाणी

ताई, पण स्पीड पोस्ट कशाला? साध्या टपालाने गेल्या असत्या. आमच्या घरच्या चारही लग्नांच्या पत्रिका पाकिटाचं तोंड न चिकटवता साध्या बुक पोस्टाने गेल्या, चार-पाच रुपयांत.

लगीनघाई

माहीत आहे हो. आणि पत्रिका न मिळालेले तुमचे मामा चौदा वर्षं बोलत नाहीत, त्याचं हशील कोण भरणार?

टपालहशील

काउंटरवर अडतीस वर्षं काढली, आता साताऱ्यात निवृत्त. वरचे सगळे वाचून मजा आली. काही गोष्टी सांगतो.

आमच्या उमेदीत पार्सल म्हणजे मांजरपाटात शिवलेलं, शिवणीवर लाखेचे ठिपके. लाख नाही तर पार्सल नाही. पोस्टाबाहेर सुई-दाभण घेऊन बसणारा माणूस असायचा आणि त्याला आमच्यापेक्षा नियम जास्त पाठ. तो गिऱ्हाइकाला सांगायचा, बाई, ह्यातलं एक पातळ काढा, टप्पा चुकतोय. टप्पा हा शब्द लक्षात ठेवा. टपालात पैसे ग्रॅमला लागत नाहीत, टप्प्याला लागतात. ५०१ ग्रॅम आणि ९९० ग्रॅम एकाच भावात जाऊ शकतात. तेव्हा टप्प्याच्या किंचित वर असाल तर काहीतरी काढा, आणि बरंच खाली असाल तर बिनधास्त भरा. लोक नेमकं उलटं करतात.

ज्ञान पोस्टबद्दल पुस्तकवाली ताईंनी एक सांगितलं नाही. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं लागतं. जाहिराती असलेलं आणि नियतकालिक स्वरूपाचं चालत नाही. म्हणजे दिवाळी अंक बाद. आत खासगी पत्रही घालू नका. छापील मजकुराच्या सवलतीत चिठ्ठी पाठवणं पूर्वीपासून मना आहे. माझ्याच खिडकीवर एका मास्तरांच्या शब्दकोशातून बायकोला लिहिलेलं चार पानी पत्र निघालं होतं. पत्राचं वेगळं हशील घेतलं. ते म्हणाले, वाचलं नाहीत ना? मी म्हटलं, पहिल्या ओळीलाच कळलं की हे छापील नाही.

दुसरं, पिनकोड नीट लिहा. अंतरावरचा दर त्यावरूनच निघतो. आणि ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला आणली ती श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, संस्कृतचे कवी आणि टपालखात्यातले अधिकारी. आपल्या ४ ने सुरू होणाऱ्या पिनकोडात मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही येतात, तेव्हा पहिला आकडा सारखा म्हणून पार्सल जवळचं असं समजू नका.

ज्यांचं गिऱ्हाईक भरवशाचं नाही त्यांनी व्ही.पी.चाही विचार करावा. घेणारा पैसे भरून सोडवून घेतो. नाही सोडवली तर माल परत येतो, नुसतं हशील अंगावर पडतं.

पुस्तकवाली

काका, दिवाळी अंक बाद हे वाचून धस्स झालं. चाळीस जुने अंक विकायला काढलेत.

देवगडातून

आंब्याचं सांगतंय. पोस्ट-कुरिअरच्या भानगडीत आम्ही पडत नाही. पाच डझनाची पेटी रात्री मुंबईच्या गाडीत टाकायची, ड्रायव्हरच्या हातात पैसे, पेटीवर मार्करने नाव आणि मोबाइल. गाडी कुठली, ती पहाटे सायनला कितीला लागते, एवढं फोनवर सांगितलं की झालं. एस.टी.तूनही पार्सल जातं, पण त्याची पावती, वेळ, सगळं आगारात जाऊन करावं लागतं.

माझ्या बहिणीकडे, मुलुंडला, दर मे महिन्यात दोन पेट्या. एका पेटीचे मी दीडशे दिले. स्वस्त ना? मागच्या वर्षी मेव्हण्यांनी हिशोब मांडला. पहाटे साडेचारला उठून सायनला जायची रिक्षा, गाडी दीड तास उशिरा, तिथे दोन चहा, परत रिक्षा. वर ऑफिसला हाफ डे. म्हणाले, "आंबे तुम्ही पाठवता, पण पार्सल मीच होतो." यंदा घरपोच कुरिअर केलं. तिप्पट पैसे लागले, आणि पेटी त्यांनी उलटी ठेवली होती. सात आंबे गेले. आता परत गाडीनेच, पण मेव्हण्यांचं नाव न लिहिता भाच्याचं लिहिणार.

एडिसनकर

अमेरिकेतून लिहितोय, न्यू जर्सी. इथेही हाच खेळ, फक्त खोक्यांची नावं वेगळी.

पोस्टाच्या प्रायॉरिटी मेल या सेवेची फ्लॅट रेट खोकी फुकट मिळतात. खोकं ठरलेलं, दर ठरलेला, अमेरिकेत कुठेही, ७० पौंडांपर्यंत काहीही भरा. बायकोच्या मैत्रिणीला कॅलिफोर्नियात दगडी खलबत्ता पाठवायचा होता. मध्यम खोक्यात, साधारण ११ बाय साडेआठ बाय साडेपाच इंच, बत्त्यासकट बरोब्बर बसला. उरलेल्या जागेत गोडा मसाला कोंबला. वजनावर गेलो असतो तर देश ओलांडायला भरपूर पडले असते. या यशाने चढून जाऊन पुढच्या महिन्यात त्याच खोक्यातून चिवडा पाठवला. चिवडा! वजन काय, दीड पौंड. तेव्हा वजनावर दर लागणाऱ्या पोस्टाच्या साध्या ग्राउंड अॅडव्हान्टेज सेवेने बऱ्याच कमी पैशात गेलं असतं. दगड असेल तर फ्लॅट रेट, चुरमुरे असतील तर वजनावर.

आणि ती फुकटची खोकी घरी पडली आहेत म्हणून दुसऱ्या सेवेसाठी वापरू नका. प्रायॉरिटीचं खोकं दिसलं की प्रायॉरिटीचेच पैसे लागतात. उलटं करून कागद चिकटवला तरी.

पुस्तकांना इथे मीडिया मेल. अंतराचा संबंध नाही, फक्त वजन. मंडळाच्या वाचनालयाची दोन खोकी टेक्सासला गेली, आरामात दोन आठवड्यांनी. त्यातही जाहिराती असलेली मासिकं चालत नाहीत आणि पोस्टवाले उघडून बघू शकतात. काकांनी सांगितलेला ज्ञान पोस्टचा नियम वाचून वाटलं, दिवाळी अंकाला दोन्ही देशांत एकच नशीब. शिवाय प्रायॉरिटी किंवा ग्राउंड अॅडव्हान्टेजचं लेबल घरून ऑनलाइन छापलं तर खिडकीवरच्यापेक्षा दर कमी लागतो.

भारतातून येणाऱ्या फराळाचं मात्र २०२५ ला रडगाणं झालं. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला इथे जकात नव्हती, ती सवलत २९ ऑगस्टला संपली. त्या सुमारास भारतातल्या पोस्टाने इकडचं बुकिंग थांबवलं, ते १५ ऑक्टोबरला परत सुरू झालं. दिवाळी अगदी तोंडावर! आईने वाट न बघता कुरिअर केलं. तिथे एक किलोचा भाव आणि दहा किलोचा किलोमागे भाव यात इतका फरक की तिने सोसायटीतल्या आणखी दोन घरांचा फराळ एकत्र केला. तिन्ही मुलं इकडेच, अर्ध्या तासाच्या अंतरावर. खोकं माझ्याकडे आलं. कोणाच्या चकल्या कोणत्या, यावर अजून एकमत नाही.

लेस्टरवरून

इकडे ब्रिटनमध्ये सगळा प्रश्न जाडीचा. अडीच सेंटीमीटरच्या आत असेल आणि ७५० ग्रॅमच्या आत, तर लार्ज लेटर. त्यावर गेलं की पार्सलचा दर. मी घरी पुठ्ठ्याला अडीच सेंटीमीटरची फट पाडून ठेवली आहे. पुस्तक त्यातून गेलं तर पाकीट बंद. बबल रॅपने पुस्तक वाचतं पण दर वाढतो, म्हणून मी नुसता जाड पुठ्ठा लावतो. कादंबऱ्या फटीत अडकतात. नाटकांची पुस्तकं सुळकन जातात.

पुस्तकवाली

सगळ्यांचे आभार. फट पाडलेला पुठ्ठा आणि पाव किलोची सूट, दोन्ही आता टेबलाजवळ.

काका, एक विचारायचं राहिलं. माझ्याकडे तीन पुस्तकं अशी आहेत की सुरुवातीची पानं वाळवीने खाल्ली आहेत. नाव नाही, प्रकाशक नाही. ती ज्ञान पोस्टने जातील का?

टपालहशील

शेवटचं पान बघा. पूर्वी बरेच जण मुद्रकाचं नाव तिथेच टाकायचे, खाली बारीक अक्षरांत.

पुस्तकवाली

बघितलं. एकाचं आहे. एकाच्या शेवटच्या पानावर कोणीतरी दुधाचा हिशोब लिहून ठेवलाय. आणि तिसऱ्याचं शेवटचं पानच नाही.