कल्पित साम्राज्यातील सरदार घराणी: सत्ता नेमकी कोणाच्या हाती?

प्रश्न (धुळे): माझ्या अद्भुत कादंबरीतला बादशहा दुबळा असून पाच सरदार घराणीच राज्य चालवतात; मग ती त्याला पदच्युत का करीत नाहीत, हे मला पटवून देता येत नाही.

उत्तर (जळगाव): पाचांपैकी एकालाही दुसऱ्यापुढे मान तुकवायची नसते. शिवाय वतनाच्या सनदेवर शिक्का बादशहाचा असतो. तो गेला, तर प्रत्येकाचा हक्क वादात सापडतो.

उत्तर (चोपडा): तापीकाठचा थाळनेरचा किल्ला अवश्य पाहा. तिथूनच सुरू झालेली फारुकी सुलतानांची सत्ता खानदेशात १३८२ पासून टिकली आणि १६०१ मध्ये त्यांचा असीरगड किल्ला अकबराच्या हाती गेल्यावरच संपली. तुमच्या घराण्यांनाही असा एखादा घाट, नदीचा उतार किंवा किल्ला द्या. नुसत्या किताबांवर त्यांचा दरारा वाचकाला जाणवणार नाही.

प्रश्नकर्ता: शिक्क्याचा मुद्दा मनापासून पटला, दरबाराचा प्रसंग आता सनदेपासूनच सुरू करतो.