दुर्बिणीच्या नळीला आतून काळं काय लावू?

तारकापुंज: सहा इंची एफ/८ डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण; एफ/८ म्हणजे नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या आठपट) तयार झाली. आरसा मीच घासला, नळी आठ इंची पीव्हीसी पाइपची. आतून मॅट ब्लॅक स्प्रे मारलाय, तरी चंद्राच्या आसपास काही बघायला गेलं की सगळं धुरकट. अजून दोन हात मारू का?

ध्रुवबाळ: हात वाढवून काही होणार नाही. मॅट रंग समोरून काळा दिसतो, पण तिरकं बघा, चकाकतो. नळीत उजेड तसाच भिंतीला घासून येतो. दिवसा आयपीस (डोळ्याकडचं भिंग) काढा, नळी मोकळ्या आभाळाकडे धरा (सूर्यापासून लांब!) आणि फोकसरमधून (आयपीस बसतो तो पुढेमागे सरकणारा भाग) डोकावत डोळा जरा हलवा. जे करडं दिसेल ते तुमचं दुखणं. फोकसरच्या बरोबर समोरची भिंत आधी, बाकीचं सावकाश.

जुनी_भिंगं: मी फळ्याला देतात तो काळा रंग वापरतो. पीव्हीसीवर आधी पॉलिश पेपर मारा, नाहीतर पापुद्रे निघतात. ओल्या रंगावर चाळलेला लाकडाचा भुसा भुरभुरवायचा, वाळला की झटकून वर पुन्हा रंग. रांगोळी किंवा वाळू नको. सुटलेला कण आरशावर बसला तर पुसताना ओरखडा ठरलेला. आणि हे सगळं आरसा बाहेर काढून, हे सांगायला नको.

कोकणी_दुर्बीण: चिकट पाठीची काळी मखमल यापेक्षा काळी. दागिन्यांच्या डब्यांत असते तसली. पण आमच्याकडे दुसऱ्या पावसाळ्यात कडा सुटल्या, वर बुरशी. आता फोकसरसमोर तळहाताएवढाच तुकडा, तोही प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर चिकटवून. खराब झाला की बदलायचा.

ध्रुवबाळ: पुढे कॅमेरा लावणार असाल तर एक. डोळ्याला काळे दिसणारे काही रंग आणि काळं अ‍ॅनोडायझिंग (अॅल्युमिनियमवरचा मुलामा) अवरक्त उजेडात (डोळ्याला न दिसणारा, पण कॅमेऱ्याला दिसू शकणारा) चांगलंच उजळ असतं. नुसतं डोळ्याने बघणार असाल तर सोडून द्या.

तारकापुंज: डोकावलो. भिंत थोडी करडी होतीच, पण खरा चोर फोकसरची नळी, आतून चक्क क्रोम! तिला भुसा-रंग, समोर मखमल. काल चंद्राशेजारचं आभाळ बऱ्यापैकी काळं दिसलं. सोसायटीचा दिवा मात्र अजून सतावतोय.

जुनी_भिंगं: तोंडाला काळ्या कार्डशीटची गुंडाळी, आठ-नऊ इंच पुढे. आतून तिलाही मखमल.

तारकापुंज: केली. आता दुर्बीण नाक खाली घालते, मागे वजन काय बांधू?