गळ्यावरच्या ऑपरेशनच्या वणाला लेझर, आंब्याच्या सीझनमध्ये करावं की पावसाळ्यात?

नमस्कार मंडळी, आम्ही देवगडकडचे. धाकट्या बहिणीचं थायरॉईडच्या गाठीचं ऑपरेशन गणपतीनंतर झालं, गाठ साधी निघाली, तो घोर मिटला. पण गळ्यावरचा वण काही बसत नाही. टाक्यांची रेघ लाल, दोरीसारखी वर आलेली, आणि घाम आला की एवढी खाजते की झोपेत ओरबाडते. सिलिकॉनची पट्टी दिवसाला निदान 12 तास ठेवायला सांगितलेली पण आपल्या दमट हवेत ती टिकतेय कुठे, कडेने घामोळं येतं ते वेगळंच. आता जेल लावते.

कोल्हापूरला स्किनच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले वण जखमेच्या हद्दीतच आहे, बाहेर पसरलेला नाही, म्हणजे केलॉइड नाही, हायपरट्रॉफिक आहे. लालीसाठी पल्स्ड डाय लेझर, तो वणातल्या बारीक रक्तवाहिन्यांवर काम करतो, जाडी आणि ताठरपणासाठी फ्रॅक्शनल सीओटू हा दुसरा लेझर, आणि लागलंच तर वणात स्टेरॉईडचं इंजेक्शन. सिटिंग साधारण 4 ते 6 आठवड्यांनी एक. वण पुसला जाणार नाही, मऊ आणि फिकट होईल, हे त्यांनी आधीच सांगितलं ते बरं केलं.

अडचण उन्हाची आहे. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर लेझरनंतर ऊन लागलं की काळे डाग पडायची भीती जास्त, सनस्क्रीन लावून सावलीत राहायचं. आणि ही मार्च ते मे आंब्याच्या कलमांतच असते. झेल्याने आंबा उतरवताना मान वर, गळा थेट उन्हात, त्यात देठाचा चीक उडाला तर चांगली कातडीसुद्धा भाजते, मग लेझर केलेल्या जागेचं काय होईल? सीझनमध्ये घरी बसायला ती तयार नाही आणि तिला बसवणं मलाही पटत नाही. जूननंतर करावं तर करूळ घाटात दरड आली की सिटिंग चुकणार. आई म्हणते स्थळं येतायत, आत्ताच करून टाका. बहीण मात्र स्थळांसाठी नाही, स्वतःसाठी म्हणते, घरातसुद्धा ओढणी गळ्याशी घट्ट धरून वावरते ती, बघवत नाही हो.

तर कोणी गळ्याच्या किंवा छातीच्या वणाला लेझर केलंय का? डाग पडले का, पडले तर गेले का? चार-पाच महिने थांबल्याने फायदा कमी होतो का? सिटिंग मध्येच चुकलं तर? आणि रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी कुठे पल्स्ड डाय लेझरचं मशीन असेल तर प्लीज कळवा, घाट तरी टळेल.