मदत हवी आहे: तालमीचा हॉल पोलिसांनी सील केलाय, ऑर्गन आत अडकलाय

नमस्कार मंडळी, सोलापुरातलं कुणी वकील असेल किंवा अशातून गेलेलं असेल तर प्लीज सांगा. शुक्रवार पेठेत आम्ही ज्या हॉलमध्ये संगीत नाटकाची तालीम करायचो तिथल्या रखवालदार मामांचा खून झाला. फार वाईट झालं हो, मामा दाराशी बसून पदं ऐकायचे आणि तान जमली की बाहेरूनच वा म्हणायचे. खुनी सापडलाच पाहिजे, तपासात आमची आडकाठी अजिबात नाही.

पण पंचनाम्यानंतर हॉल सील झाला, कुलपाला कापड गुंडाळून लाख लावलीय, आणि आमचा ऑर्गन, तबले, पगड्या, शालू सगळं आत. साध्या पेटीवर तालीम करून बघितली पण ऑर्गनचा भरीव सूर मागे नसला की पोरं पट्टीच सोडतात. जप्त वस्तू कोर्टातून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करू अशी लेखी हमी देऊन, मिळते म्हणे, पण आमचं सामान जप्त नाही, नुसतं सीलबंद हॉलमध्ये आहे, मग अर्ज तपास अधिकाऱ्यांना द्यायचा की थेट मॅजिस्ट्रेटकडे?

दुसरं, आमचे ऑर्गनवाले काका साठीच्या पुढचे, त्यांना जबाबासाठी सारखं ठाण्यात बोलावतात. नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे ६० वर्षांवरच्या साक्षीदाराचा जबाब घरी येऊन घ्यायचा असतो ना? हे साहेबांना न दुखावता कसं सांगायचं?

हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहातली प्रयोगाची तारीख बुक आहे, तोपर्यंत जुळे सोलापूर किंवा होटगी रोडला संध्याकाळी तालमीला जागा, आणि कुणाकडे ऑर्गन असेल तर कळवा, भाडं देऊ, नेआण आमच्याकडे.