‘लाईट गेली’ हे मराठी वाक्य आहे की नाही?

करवीरकर_७
पुतणी आठवीत आहे. निबंधाचा विषय होता ‘पावसाळ्यातील एक रात्र’. तिनं लिहिलं, ‘तेवढ्यात वीज कडाडली आणि लाईट गेली.’ बाईंनी ‘लाईट’वर लाल रेघ मारून वर ‘वीज’ लिहिलं. आता वाक्य झालंय ‘वीज कडाडली आणि वीज गेली’. वही समोर ठेवूनच हे लिहितोय.

माझं म्हणणं असं, की ‘लाईट’ हा आता मराठी शब्द आहे आणि तो इंग्रजीतला लाईट राहिलेला नाही. इंग्रजी लाईट म्हणजे उजेड. त्यात ऊन आलं, चांदणं आलं, चिमणीचा उजेडही आला. आपल्या लाईटमध्ये यातलं काहीच येत नाही. आपली लाईट तारेतून येते आणि तारेतून जाते. पंखा थांबला, मिक्सर बंद पडला, नळाला मोटर लागेना, तरी आपण ‘लाईट गेली’ म्हणतो. तिथं इंग्रज माणूस ‘पॉवर’ म्हणेल. आपण तिला स्त्रीलिंग दिलं, ‘लायटी’ असं अनेकवचन केलं, बिलालाही ‘लाईट बिल’ म्हटलं. २०१९ च्या ऑगस्टात महापुरात आमचं कोल्हापूर अडकलं होतं, तेव्हा फोनवर पहिला प्रश्न ‘पाणी कुठवर आलंय?’ आणि दुसरा ‘लाईट आली का?’ एवढ्या गरजेच्या वेळी तोंडात येणारा शब्द परका कसा?

शिवाय ‘वीज’ आभाळातलीही आणि तारेतलीही. दोन्ही एकाच वाक्यात आल्या की घोळ होतो. तो घोळ ‘लाईट’नं सोडवलाय.

गडहिंग्लजच्या_बाई
मी मराठी शिकवते आणि मीही रेघ मारली असती. वर मात्र ‘दिवे’ लिहिलं असतं. ‘वीज कडाडली आणि दिवे गेले.’ बघा, घोळ राहिला का? माझी आई आजही ‘दिवे गेले’ म्हणते. चांगलं वाक्य हाताशी असताना ते वापरायचं नाही आणि मग मराठीत शब्द नाही म्हणायचं, हे मला पटत नाही.

माझी खरी काळजी एका शब्दापुरती नाही. कौलांच्या फटीतून जमिनीवर पडणाऱ्या उन्हाच्या ठिपक्याला काय म्हणतात, असं मी वर्गात विचारलं. सगळा वर्ग गप्प. ‘कवडसा’ कुणाला आला नाही. ‘तिरीप’ तर ऐकलेलीच नाही. मिणमिणता, मंद, फिकट, अंधूक या सगळ्यांच्या जागी एकच ‘डिम’. लख्ख, झगझगीत, डोळे दिपवणारा यांच्या जागी ‘ब्राईट’. झुंजूमुंजू झालं, तांबडं फुटलं, दिवेलागणीची वेळ झाली, हे मुलांना धड्यात भेटतं आणि धड्यातच राहतं. लाईट एकटी येत नाही हो, मागून सगळं कुटुंब घेऊन येते.

शिरोळचा_ऊसवाला
बाई, ‘दिवे गेले’ घरात चालंल, रानात चालत नाही. आमच्याकडं शेतीच्या लाईटची पाळी असती. एका आठवड्याला दिवसाची लाईट, पुढच्याला रातची. रातची लाईट म्हणजे काय, ते सांगतो. घरात बल्ब पेटलेला असतोय, टीव्ही चालू असतोय, तरी आम्ही म्हणतो ‘अजून लाईट नाही’. कारण मोटरला लागणारी थ्री फेज आलेली नसती. ती आली की बॅटरी घेऊन बांधानं चालत विहिरीवर जायचं, पेटी उघडून स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं आणि उसाला पाणी लावायचं. रातभर पायाखाली साप हाय का बघत दारं धरायची. म्हणजे आमची लाईट येती तवा उजेड येतच नाही, पाणी येतं. इथं दिवा कुठनं आणायचा?

करवीरकर_७
दादा, माझं अख्खं म्हणणं तुमच्या एका ओळीत आलं.

शब्दवेडा_राजारामपुरी
थोडं मुळाकडे जाऊ. इंग्रजीत एकाच स्पेलिंगचे दोन निराळे शब्द आहेत. उजेडाचा लाईट ज्या प्राचीन मुळातून आला, त्याच मुळातून संस्कृतात ‘रुच्’, म्हणजे चमकणे, हा धातू आला. आपली रुची, रोचक, रुचणे ही त्याची मंडळी. फारसीत त्याच मुळाचं ‘रोशन’, आणि तिथून आपली रोषणाई. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाला रोषणाई करतात असं आपण म्हणतो, तो शब्दही बाहेरून आलाय आणि लाईटच्याच नात्यातला आहे. वजनाला हलका तो दुसरा लाईट. त्याचं मूळ आणि संस्कृत ‘लघु’चं मूळ एक. ‘लघुक’मधल्या अक्षरांची प्राकृतात अदलाबदल होऊन आपला ‘हलका’ झाला. कॉलेजची पोरं ‘लाईट घे रे’ म्हणतात, तो हा दुसरा. ‘डिलाईट’चा मात्र या दोघांशी संबंध नाही. तो फ्रेंचमधून आला आणि लाईटच्या नादानं त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘जीएच’ शिरलं.

गडहिंग्लजच्या_बाई
माहिती आवडली, वर्गात सांगेन. पण हजारो वर्षांपूर्वी मूळ एक होतं म्हणून आजचा शब्द आपला ठरत नाही. रोषणाई आपली झाली ती शेकडो वर्षं वापरून, आणि ती आल्यावर दिवा, पणती, समई, निरांजन यातलं काही गेलं नाही. लाईटबद्दल असं म्हणता येईल का?

महाद्वार_रोड
येईल असं मला वाटतं. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव बघा. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. आभाळ स्वच्छ असेल आणि वाटेत काही आडवं आलं नाही तर. त्या गर्दीत मी लहानपणापासून उभा राहतोय. ‘किरणं कुठवर आली?’ एवढंच ऐकलंय. ‘लाईट कुठवर आली’ असं एकाच्याही तोंडून नाही. सूर्याला लाईट लागलेली नाही, बाई.

गडहिंग्लजच्या_बाई
देवळात नसेल लागली. संध्याकाळी पाचनंतर रंकाळा तलावावर जा. लग्नाआधीचे फोटो काढणारे असतात तिथे. ‘लवकर उभे राहा, लाईट जाईल.’ ही कुठली लाईट? मावळणारा सूर्य! ‘इथं लाईट मस्त आहे’ म्हणजे ऊन कोवळं आहे. आता मोबाईलवर फोटो काढणारी प्रत्येक मुलगी तसंच म्हणते. म्हणजे करवीरकरांनी आखलेली तारेची हद्द ओलांडून ती उन्हात शिरलीच आहे.

करवीरकर_७
हा मुद्दा बिनतोड आहे. तरी एक सांगतो, ती धंद्याची भाषा आहे आणि कोल्हापूरला ती नवी नाही. बाबूराव पेंटरांनी १९२० मध्ये इथून ‘सैरंध्री’ सिनेमा काढला तेव्हापासून गावात कॅमेरा फिरतोय. ज्यांना उजेड मोजून वापरावा लागतो त्यांना त्यासाठी एक छोटा शब्द हवाच.

आणि परकेपणच शोधायचं तर ‘या विषयावर प्रकाश टाकला’ यातही शोधा. अक्षरं मराठी, पण ठेवण इंग्रजीची. त्यावर कुणी लाल रेघ मारत नाही. मला त्यापेक्षा ‘लायटी लाव’ जास्त मराठी वाटतं.

भौतिकशास्त्र_कागल
एक भर घालतो. ‘प्रकाशवर्ष’ला कुणी ‘लाईटवर्ष’ म्हटलेलं नाही. प्रकाश वर्षभरात जेवढं जातो ते अंतर, सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. नावात वर्ष असल्यानं मुलं ते काळाचं माप समजतात, आणि इंग्रजी माध्यमातली मुलंही हीच चूक करतात. तिथं अडचण भाषेची नाही.

गडहिंग्लजच्या_बाई
ऊसवाले दादा, तुमच्या ‘रातच्या लाईट’वर मी रेघ मारणार नाही. त्याला ‘रात्रीचा वीजपुरवठा’ म्हटलं तर तुमचा बांध आणि ते हिरवं बटण दोन्ही जाईल. पण आठवीच्या निबंधात मी ‘दिवे गेले’च सुचवेन. मुलीला ते माहीत असायला हवं. माहीत असून तिनं ‘लाईट’ निवडलं तर मी मार्क कापणार नाही.

करवीरकर_७
हे चालेल. आमच्या घरात ‘दिवे गेले’ कुणीच म्हणत नाही, त्यामुळं तिला ते आधी ऐकवावं लागेल. शनिवारी शाळेत जाऊन तिच्या बाईंना भेटतोय. दोन्ही वाक्यं घेऊन जातो. ‘वीज गेली’ तेवढं खोडायला सांगेन.