मदत हवी आहे : विंडोलांडाच्या पाट्या आणि स्थानिक माणसं

नमस्कार मंडळी. उत्तर इंग्लंडमधल्या विंडोलांडा या रोमन छावणीत 1973 पासून सापडलेल्या, शाईनं पत्रं-नोंदी लिहिलेल्या पातळ लाकडी पाट्या वाचतोय. इ.स. 100 च्या आसपासचा मजकूर, पण किती घरगुती! कुणाला मोजे आणि आतले कपडे पाठवलेत. क्लॉडिया सेव्हेरा, एका रोमन अधिकाऱ्याची बायको, मैत्रिणीला 11 सप्टेंबरच्या वाढदिवसाला बोलावतेय, शेवटच्या ओळी स्वतःच्या हातानं लिहून.

गंमत म्हणजे तिथले बटावियन सैनिक ऱ्हाइनच्या मुखाकडचे, म्हणजे स्वतःच रोमच्या अंकित मुलखातले. तरी एका पाटीत स्थानिकांना 'ब्रिटुंकुली' म्हटलंय, 'ते क्षुद्र ब्रिटन' अशा तुच्छतेनं.

मग छावणीबाहेरच्या त्या ब्रिटनांचं रोजचं जगणं कशावरून कळतं? घरं, भांडी, हाडं? कुणी पुरातत्त्ववाले असाल तर सुरुवात कुठून करू, सांगा ना. मराठीत काही असेल तर फारच उत्तम.