मदत हवी आहे : दगडीचा (कासदाहाचा) जंतू एकच, मग एकच म्हैस एवढी का बिघडली?

मोहोळजवळ आमच्या ६ पंढरपुरी म्हशी. दोघींना दगडी झाली, दोघींच्याही दुधात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हाच जंतू निघाला. एकीच्या दुधात नुसत्या गाठी आल्या, ती सावरली. दुसरीचा मागचा सड २ दिवसांत गार पडून निळा-काळा झाला. फार जीव तुटतो तिच्याकडे बघून.

सेन्सिटिव्हिटी (जंतूवर कोणतं औषध चालतं ते) बघून डॉक्टरांनी दिलेला कोर्स पूर्ण केलाय. धारेनंतर सड औषधात बुडवतो, तिची धार शेवटी काढतो. त्यामुळे उपचार विचारत नाही.

अल्फा टॉक्सिन हे विष जास्त सोडणारे स्ट्रेन (याच जंतूचे उपप्रकार) कास सडवतात, असं वाचलंय. साध्या कल्चरमध्ये (लॅबमध्ये जंतू वाढवून बघण्यात) ते कळत नाही. कल्चरच्या प्लेटा लॅबने अजून ठेवल्यात. दोन्हीकडचा स्ट्रेन एकच आहे का, हे ठरवायला टॉक्सिनच्या जीनचा पीसीआर (तेवढा जीन आहे का, हे बघणारी तपासणी) पुरेल, की पूर्ण जीनोम सिक्वेन्सिंगच (जंतूचा सगळा डीएनए वाचणं) करावं लागेल?